तेगाला ॲक्टिंग येत नाही

१० ऑगस्ट, रविवार

शेण काढून झालं होतं, सडा टाकला होता, चुलीवर पाणी तापत होतं आणि मी ओसरीवर तुरीची डाळ निवडत होते. तेवढ्यात हे गोऱ्ह्यांची नवी जोडी धरून दारात उभे. एक पांढराशुभ्र. दुसराही पांढरा, पण एका डोळ्याभोवती काळा डाग.
"हा मोहन. आन हा तेगा."
"तुमच्या पिक्चरमधले?"
"मंग कुठले."
दहा वर्षं झाली त्या सकाळीला. लग्नाआधी मंगरूळपीरच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये, यांनी तो पिक्चर नऊ वेळा पाहिला होता. मोहन हिरो. तेगा डाकू, एका डोळ्यावर काळी पट्टी. गोऱ्ह्याला डाग होता म्हणून तो तेगा. दुसरं काही कारण नाही.

हे जाऊन चार वर्षं. आज सगळं आठवलं, कारण यांचा पुतण्या गजू धावत आला. चाळिशीचा बाप्या, पण धाप लागलेली.
"काकू, काकाचा पिक्चर सापडला मोबाइलवर. पुरा तीन घंट्याचा."
माझे हात पिठात तसेच. गोष्ट मला तोंडपाठ आहे, पिक्चर कधी पाहिला नाही. पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर लावणार म्हणतो.
चहात दोनदा साखर पडली. तसाच प्यालो दोघं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस गावात दुसरा विषय नाही. जुनी माणसं थांबवून थांबवून गोष्ट सांगतात, जशी मला माहीतच नाही. सगळ्यांना तेगाचा शेवट बघायचा आहे.

गजूचं डोकं आणखी पुढे. पोळ्याला तोरणाखाली आपली जोडी पहिली, आणि तिथंच पिक्चरचा आखरी सीन करायचा.
"मी मोहन. आन तेगा म्हणजे आपला तेगाच. मी चाबूक फिरवीन, तो खाली बसन. मोबाइलवर शूटिंग."
"मारशीन त्याले?"
"हवेत, काकू. ॲक्टिंग हाय ते."
हसले मी. हो म्हटलं. शिवाय पेटीतून यांचा लाल फेटा काढून दिला. गजूने बांधून पाहिला. मागून बघितलं तर तीच मान. जरा वेळ आत जाऊन उभी राहिले.
मग बाहेर येऊन मीच शेजारीपाजारी सांगत सुटले, आमची जोडी पहिली म्हणून.

१४ ऑगस्ट, गुरुवार

वच्छलाबाई मला वाचायला दिलेलं पुस्तक परत न्यायला आली होती. विहारातलं वाचनालय तीच बघते. अंगणात आमचा सालगडी दौलत बैल धूत होता. औत, बैलं, हे गेल्यापासून त्याच्याच हातात. वच्छलाबाईनं चष्मा पुसला, पुन्हा लावला.
"सुशीला, याचे पुठ्ठे पाह्य. आन त्याचे पाह्य."
मोहनची कातडी रेशमासारखी. तेगाच्या पुठ्ठ्यावर बारीक बारीक खुणा, काही जुन्या, काही ओल्या. काठीच्या खिळ्याच्या.
दौलतला विचारलं.
"तेगा हाय बाई तो. मार खाल्ल्याबिगर आयकते काय?"
"काम कोण जास्त करते?"
"काम त तेगाच वढते. मोहन अंगचोर हाय."
"मंग काहून मारतं?"
दौलत हसला. त्याला प्रश्नच कळला नाही. शाळेत जाणारी पोरंही जाता-येता खडा मारतात त्याला, डाकूचे डायलॉग म्हणत. मी कितीदा ऐकलं आणि हसले.
वच्छलाबाई गेल्यावर सरकीच्या ढेपेची टोपली घेऊन गोठ्यात गेले. पाय आपोआप मोहनकडे वळले. दहा वर्षं पहिली टोपली त्याचीच.

१७ ऑगस्ट, रविवार

पाहिला.
खिडक्यांना पोती लावली होती तरी उजेड येत होता, त्यात पाऊस पत्र्यावर. निम्मं ऐकू आलं नाही. चाललं. काय एकेक माणसं. मोहन यांनी सांगितला तसाच, थोडा बुटका. तेगा आला आणि हॉल उठला. बायासुद्धा शिट्ट्या मारत होत्या. मीही मारली, जमली नाही.

मग तो पाठलाग. पुढे तेगा घोड्यावर, मागे मोहन. घोडा जिवाच्या आकांताने पळतो आणि एकदम पुढचे दोन्ही पाय मागे जातात, मान मातीत. गाव खूष. "आणखी एकदा लाव." गजूने लावलं. आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "हळू लावता येते काय?"
येते म्हणाला.
घोड्याच्या पायापासून एक बारीक रेघ पडद्याच्या कडेपर्यंत जाते. तार आहे ती. ताणते, चमकते, आणि मग तो पडतो.
तेगा झालेला नट उठला, धूळ झटकली, पुढचं वाक्य बोलला. घोडा उठला नाही. त्यानंतर पिक्चरमध्ये कुठं दिसलाच नाही. मी शेवटपर्यंत त्यालाच शोधत होते, तेगा कसा मेला तेही नीट पाहिलं नाही.
यांनी मला गाणी सांगितली, मारामाऱ्या सांगितल्या, मोहनच्या आईचं रडणं सांगितलं. घोडा कधी सांगितला नाही. नऊ वेळा पाहून दिसला नसेल? की दिसला होता म्हणूनच...

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळपासून अंगात वारं भरल्यासारखं झालंय. एक गोष्ट उलगडली.
मी अक्षरं खताच्या पोत्यांवरून शिकले, त्यामुळे दिसेल ते वाचायची सवय. टीव्हीवर पिक्चरच्या आधी पाटी येते, यात कोणत्याही प्राण्याला इजा केलेली नाही. शेकडो वेळा वाचली. ही पाटी कशाला, हे कधी कळलं नव्हतं. काल कळलं. कुणीतरी आधी तो घोडा पाहिला असणार, आणि त्याला जेवण गेलं नसणार.
वच्छलाबाईकडे पळत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता पोळ्याचं काय करतं?"

तशीच गजूकडे गेले. त्याची बायको भाकरी थापत होती. म्हटलं, तो सीन नको.
"काकू, शब्द तुमीच देला. अनसिंगहून पाव्हणे येऊन राह्यले पाह्याले."
"चाबूक पाह्यला का तो बिचकते. माणसात घुसला म्हणजे?"
"त्याचा बंदोबस्त केला मी. पुढच्या पायाले दोरी बांधू. दौलत बाजूनं वढन, तेगा बराबर खाली बसन. पिक्चरसारखा."
बोलताना डोळे चमकत होते त्याचे. त्यानेच काल तीनदा ते दृश्य लावलं होतं.
"तुले ॲक्टिंग येते गजू. त्याले येते काय?"
"जनावर हाय काकू. जनावराले काय समजते?"
"तेच म्हणून राह्यली मी."
बायको खाली बघून हसली. गजू नाही. तो म्हणाला, काकाचं नाव व्हावं म्हणून हे सगळं करतोय. खोटं नाही ते. यांच्या आजारपणात अकोल्याला अठरा दिवस खाली सतरंजीवर हाच झोपला होता. पेरणीचं ठरवणं, बँक, माझी दवाखान्याची फेरी, सगळं हाच. मला दुसरं कोण आहे.
उठून आले. नाही असंही झालं नाही, हो असंही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज बैलांचे खांदे शेकले. हळद, तूप, पळसाचं पान. या वेळी आधी तेगाचे. मी पान धरून हात उचलला तर त्याने डोळे मिटून मान आत घेतली. माझा हात होता तो. मोहनवर उचलला, तो मजेत रवंथ करत राहिला.
खांदे शेकून झाले की बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं असतं. मोहनला दिलं. तेगाच्या कानाशी वाकले आणि शब्द येईना. जेवायला बोलवायचं आणि पायाला दोरी बांधायची.
मग दिलं आवतण. म्हणजे आता ठरलंच, दोरी नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

तोरणाखाली ही गर्दी. पोळ्याची गाणी, झडत्या, म्हणून झाल्या. गजू लाल फेटा बांधून आला, सगळे मोबाइल वर. दौलत दोरी घेऊन तेगाच्या पायाशी वाकला. मी गर्दीतून पुढे गेले. पोळ्याच्या रांगेत बाई, तीही माझ्यासारखी विधवा, कुणी पाहिली नव्हती कधी. दोरीवर पाय दिला.
"गजू, दोरी तुह्या पायाले बांध. कवा पडायचं ते तुले ठावं हाय. त्याले नाई."
कुणीतरी मागून म्हणालं, "काकू डायरेक्टर झाल्या." मोठा हशा. दुसरा म्हणाला, "बांध गजू, पड एकदा, शूटिंग चालू हाय."
मला हसवायचं नव्हतं कुणाला. गजूचं तोंड पार उतरलं. काकाच्या फेट्यात, अनसिंगच्या पाहुण्यांसमोर. माझ्याकडे पाहिलं, चाबूक खाली ठेवला आणि घराकडे गेला. दौलत दोरी गुंडाळत म्हणाला, "बाई, हे बरं नाई केलं."
तोरण तुटलं, पोळा फुटला. बैलं घरी धावली, तेगा मोहनच्या पुढे. ओवाळलं, पुरणपोळी चारली. त्याने माझा हात कोपरापर्यंत चाटला. इतका आनंद मला चार वर्षांत झाला नव्हता, आणि त्याच वेळी दाराकडे लक्ष. गजू दर पोळ्याला जेवायला इथंच असतो. आला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

गजूचा फोन लागतो, उचलत नाही. कपाशीला डवऱ्याची कोळपणी द्यायची आहे, दौलत विचारतो कुणाला विचारू.
आज सकाळी पुरणपोळ्या बांधून गजूच्या घरी आले. बायको म्हणाली, घरात आहेत, पण बाहेर येत नाहीत. मी म्हटलं, येईल तेव्हा येईल. आणि त्याच्याच ओसरीवर बसून हे लिहितेय.