मागच्या खोलीतला मुलगा

नंदनवन, नागपूर
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

चि. पायल हिला आईचा सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तू, सुगतराव आणि माझी मैत्री, तिघंही खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघे आपल्या जागी आहेत, म्हणजे दुखत आहेत. शेजारच्या भैय्याजींची सून रितिका पुढच्या आठवड्यात कॅनडाला परत जाते आहे. तिच्याजवळ भिवापुरी तिखट, मुगवड्या, मैत्रीचा फ्रॉक आणि माझ्या अर्जाचे कागद देते आहे. हे पत्र मुगवड्यांच्या डब्यात तळाशी सापडेल.

पोटच्या मुलीला असं लपवून पत्र पाठवायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण तुमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर. सुगतराव मायेनं चौकशी करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. जावयात खोट काढायचीच म्हटली तर त्यांच्या घोरण्यापलीकडे मला काही सापडत नाही. पण त्यामुळे तुझ्याशी एकटीशी बोलणं होत नाही, आणि तू आपणहून एकटी असताना फोन क्वचितच करतेस.

कागदांचं सांगते. फोटो काढले. हसायचं नाही म्हणाला फोटोवाला, मी म्हटलं त्याची काळजी नको. पोलिसांचा दाखला मिळाला. आता फक्त कुटुंबाची माहिती असलेला कागद तेवढा उरला होता, तो काल रात्री हातानं लिहून पूर्ण केला. सुगतराव तो तिकडे कॉम्प्युटरवर भरणार आहेत ना, म्हणून अक्षर सुवाच्य काढलं आहे.

ते बिचारे किती वर्षं म्हणताहेत, आई, कायमच्या इकडे या, मैत्रीला आजी पाहिजे. मी कधी गुडघ्यांचं सांगितलं, कधी पेन्शनचं, कधी घराचं. बाबा गेल्यावर तर त्यांना खात्रीच पटली की म्हातारीला नंदनवन सुटत नाही. खरं कारण तुला ठाऊक होतं. ते कारण आता राहिलं नाही, म्हणून हे कागद जात आहेत. नाहीतर गेले नसते.

तुला बघायला आले तो दिवस आठवतो का? तुझ्या आत्यानं, शोभाताईंनी, आधीच बजावलं होतं, "वैनी, पोराले मागच्या खोलीत ठेवा वं. एकदा लगन होऊ द्या, मंग सांगू सावकाश." आम्ही ठेवलं. पण अश्विनच तो, पाहुणे आले म्हटल्यावर बसतो कुठला. बाहेर आला, सुगतरावांना चिकटून बसला आणि त्यांच्याच बशीतला चिवडा खाऊ लागला. एवढा बाप्या माणूस, पण तोंडावर हसू पाच वर्षांच्या पोराचं. सुगतरावांनी विचारलं, "हा कोण?"

शोभाताईंची बोबडी वळली. तुझ्या हातात चहाचा ट्रे होता. तू म्हणालीस, "मागच्या खोलीत भाडेकरू आहेत, त्यांचा मुलगा." सुगतरावांनी आपल्या बशीतला पेढाही त्याला दिला. पायल, ती गोष्ट मी तुझ्या माथी मारत नाही. तू बोललीस, पण तुझे बाबा आणि मी तिथंच बसलो होतो आणि दोघंही गप्प राहिलो. खरं सांगितलं असतं तर ती माणसं उठून गेली असती का? मला आता वाटतं, सुगतराव गेले नसते.

शोभाताईंचं ते "मंग" काही आलं नाही. लग्नाच्या दिवशी त्याला लकडगंजला शोभाताईंच्या घरी टीव्ही लावून बसवलं. तुम्ही माहेरपणाला आलात तेव्हाही तिथंच पाठवलं. तू कॅनडाला गेलीस आणि फोनवर सगळ्यांचे चेहरे दिसायला लागले. तेव्हापासून तुझा फोन वाजला की मी त्याला मागच्या खोलीत नेत असे आणि बाहेरून कडी लावत असे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस की आई, तुझ्यामागे इतकं शांत कसं.

पहिल्या पहिल्यांदा दार वाजवायचा. "पाई, पाई" म्हणून ओरडायचा. तुला पायल म्हणणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. मग ओरडणं थांबलं. पुढं पुढं तर कडी लावायचीही गरज पडेना. फोन वाजला की हातातलं ताट खाली ठेवून तो आपणच आत जायचा, दार ओढून घ्यायचा. बोलणं संपल्यावर मी उघडायला गेले की ओठांवर बोट ठेवून बसलेला असायचा. मी "शहाणा बाळ" म्हणायची. काय म्हणत होते मी, पायल.

ऑगस्टमध्ये त्याला ताप भरला. डेंग्यू निघाला. कुठं दुखतं ते सांगता येत नव्हतं, नुसता माझा हात धरून ठेवायचा. ताप उतरला तसं मला वाटलं निभावलं, पण त्यानंतरच बिघडत गेलं. वॉर्डात मी त्याच्याजवळ होते आणि पिशवीत तुझा फोन वाजला. त्याला उठता येत नव्हतं. त्यानं अंगावरची चादर तोंडावर ओढून घेतली आणि निपचित पडून राहिला. मी फोन उचलला नाही. चादर बाजूला करून म्हटलं, "बाळा, पाईचा फोन आहे, बोल." त्यानं मान हलवली, नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

पुण्यानुमोदनाच्या विधीला भंतेजींनी त्याचा फोटो मागितला. आपल्या घरात त्याचा फोटोच नाही. आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तो घाबरल्यासारखा दिसतो.

तुला कळवलं तेव्हा सुगतराव शेजारीच होते. मी म्हणाले, "मागच्या खोलीतला अश्विन गेला." तू म्हणालीस, "अरेरे, कशानं?" सुगतराव म्हणाले, "सुटला बिचारा. त्याच्या आईवडिलांना आमच्याकडून सांत्वन सांगा." मी म्हणाले, सांगते.

दुसऱ्या दिवशी तू गाडीत बसून फोन केलास. ऊर फुटेपर्यंत रडलीस. मीही रडले, तेवढ्यापुरती माझी मुलगी मला परत मिळाली. मी म्हटलं, आता तिकडे येते, पण कुटुंबाच्या कागदावर त्याचंही नाव लिहीन. आणि डोळे पुसून तू म्हणालीस, "आई, आता त्या कागदावर त्याचं नाव काहून लिहितं? आता तर तो हायेच नाही ना." तुझी भीती मला कळते. सुगतराव काय म्हणतील, सासरचे काय म्हणतील. तुझ्या स्वतःच्या अर्जात भावाच्या जागी तू काय लिहिलंस ते मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. पण मला राग आला, पायल. अजून गेलेला नाही.

शाळेत मराठी शिकवलं असलं तरी एवढं इंग्रजी मला वाचता येतं. त्या कागदावर स्पष्ट छापलं आहे की सगळी अपत्यं लिहा, वारलेली असतील तर तीही लिहा, कुठं आणि कधी वारली तेही. मी पुन्हा पुन्हा वाचलं. नऊ वर्षं आपण ज्याला घरातल्या घरात नाहीसा केला, त्याचं नाव त्या परक्या लोकांना हवं होतं.

मी लिहिलं. आधी तुझं, त्याखाली त्याचं. नातं: मुलगा.

कागद याच डब्यात पत्राबरोबर आहे. सुगतरावांच्या हातात तो तूच देशील, आणि देण्याआधी त्यांना तूच सांगशील. चिवडा खाणारा मुलगा त्यांना आठवेल. धीर झाला नाही तर फाडून टाक, मी शिव्याशाप देणार नाही, मैत्रीच्या शपथेनं सांगते. पण दुसरा कागद लिहून देणार नाही. त्याच्या नावासकट बोलावलंस तर येईन, नाहीतर इथंच राहीन. पोरीजवळ म्हातारपण काढावं असं मला फार वाटतं, हेही लिहून ठेवते. नंतर म्हणू नकोस की आईलाच यायचं नव्हतं.

सुगतरावांना जयभीम. मैत्रीला गोड पापा. तिला एक मामा होता.

अश्विनची आणि तुझी,
आई