बांधणी क्रमांक दोन

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

...त्या सकाळी मी पाणी भरून ठेवलं, अंगण झाडलं आणि तव्यावर भाकरी टाकली. तेवढ्यात हे आतून ओरडले, की मिक्सर लावू नको, फ्यूज उडंल, कर्नेल बांधायला घातलाय. मी म्हटलं, आधी पडकी भिंत बांधायला घाला. दोघंही हसलो. बेंबळीतली ती एक साधी सकाळ आज एसटीत सारखी आठवत होती.

कळंबला वाचनालयात काम मिळालंय. त्याच्याच मागच्या गल्लीत सिताबाईंकडं खोली घेतली. पूर्वेला खिडकी आहे, उजेड भरपूर येतो. सामान बघून सिताबाई म्हणाल्या, की भांडी चार अन् पुस्तकं दोन पोती, पोरी, तू कागद खाती व्हय? हे गेल्यापासून दोन वर्षांत मी इतकी मोकळी हसले नव्हते.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम चांगलं आहे. दुपारी वाचायलाही वेळ मिळतो.

हे, म्हणजे रणधीर, संगणकाचे वर्ग घ्यायचे. काही धडे त्यांनी स्वतःच्या आवाजात एका जुन्या डिस्कवर भरून ठेवलेत. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच उरलेला नाही. माझ्या मुलीनं, अर्पितानं, दिलेला नवा संगणक ती डिस्क ओळखत नाही. डिस्कवर फाइली ठेवायच्या त्या जुन्या पद्धतीची ओळख नव्या कर्नेलमधून काढून टाकलीय. कर्नेल म्हणजे संगणकाचा गाभा. यंत्राचा कुठला भाग चालेल न् कुठला नाही, ते तोच ठरवतो. तेव्हा जरा आधीच्या कर्नेलचा सोर्स, म्हणजे मूळ मजकूर, उतरवून, त्यात ती ओळख चालू करून, कर्नेल आपणच बांधायचा. ह्यांच्या शेजारी बसून एवढं मी शिकलेय. बाकीचं पुस्तकांतून.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच बसले. यादीतल्या एकेका भागापुढं हो किंवा नाही म्हणायचं असतं. जोंधळे निवडावेत तसं निवडलं. डिस्कला हो, कॅमेऱ्याला हो, माइकला हो, कीबोर्डला हो. मग बांधणी लावली. पंखा दिवसभर घुरघुरत होता. सिताबाईंनी दोनदा येऊन विचारलं, की आत काय दळण टाकलंय का, अन् पीठ कधी मिळणार.

बसवताना जागा कमी पडली. हे नेहमी बजावायचे, की नवा नीट चालल्याशिवाय जुना काढायचा नाही, अडलं तर जुन्यावर परत जाता येतं. पण आमच्याकडं माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. ह्यांचंही सगळं मी देऊन टाकलं होतं. त्याच हातानं संगणकासोबत आलेला जुना कर्नेल पुसला.

नवा चालू झाला. पडद्यावर नोंद आली, बांधणाऱ्याचं नाव मंजुषा, म्हणजे मी. बांधणी क्रमांक एक. डिस्क उघडली.

ह्यांचा आवाज आला. सुरुवातीला खाकरले, तसेच.

११ फेब्रुवारी

कामावरून आल्यावर पुन्हा ऐकायला बसले. सहज बघितलं, तर बांधणी क्रमांक दोन. मी तर एकदाच बांधला होता. बांधणाऱ्याचं नाव रणधीर. त्या नावाचं खातं ह्या संगणकावर नाहीच. खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडं.

यादीत कॅमेऱ्यापुढं मी दिलेल्या होचं नाही झालंय.

अर्पिताला कळवावं का? आई भ्रमिष्ट झाली म्हणेल. धडा मात्र आज जास्त स्वच्छ ऐकू आला.

१२ फेब्रुवारी

नळावर सिताबाई समोर उभ्या होत्या. माझ्या भरत्या घागरीवर त्यांनी आपली घागर लावली, मग दचकून इकडंतिकडं बघितलं. मी हाक मारली. म्हणाल्या, पोरी, आवाज येतोय, तू हाईस कुठं? मला वाटलं थट्टा करतात. वाचनालयातही कुणी वर बघितलं नाही.

परत येऊन कॅमेऱ्याला हो केलं न् पुन्हा बांधायला घातला. चालू झाल्यावर बघते तर नाव ह्यांचंच. कॅमेऱ्यापुढं नाही. आता माइकपुढंही.

१३ फेब्रुवारी

अर्पिताचा फोन. मी बोलत होते, सगळं सांगत होते. ती म्हणत होती, आई, आवाज येत नाहीये, रेंज नाही का तिकडं. ओरडले. तिनं ठेवला.

धड्यात माझं नाव आलं. पूर्वी नव्हतं. मंजुषा, बस, असं म्हणाले. कर्नेलचं पुढचं सांगायचंय म्हणाले.

१४ फेब्रुवारी

दुपारी डिस्कची वायर ओढून काढली. दारात गेले तर सिताबाई डाळ पाखडत होत्या. त्यांनी वर बघितलं न् म्हणाल्या, अगं, दोन दिस कुठं गडप झाली होतीस, चहा टाकू का?

रडले त्यांच्यापुढं. चहा घेतला. म्हणजे उपाय आहे. डिस्क जोडायची नाही. एवढंच.

पण खोलीत किती शांत आहे —

१५ फेब्रुवारी

जोडली. एकदाच ऐकायचं म्हणून.

कीबोर्ड चालत नाही, यादीत त्याच्यापुढंही नाही झालं असणार. जुना कर्नेल नाही, परत कशावर जाऊ. अर्पिता येऊन नीट करेल, पण तिला सांगू कशी — सिताबाईंनी दार ढकललं. माझ्या खाटेवर बसल्या. माझ्या पायांवर. म्हणाल्या, गेली वाटतं पोरगी, सांगून तरी जायचं.

१६

बोटांत पेन नीट धरवत नाही. बघितलं तर पेन दिसतंय, बोटं —

वायर हाताला लागते अजून. आजच्या दिवस लागेल. ओढली तर सिताबाई, चहा, अर्पिता. नाही ओढली तर —

हे हाक मारतायत. धडा नाही हा. नुसती हाक.

१७

काल ओढली नाही. आज सकाळी उठले, केस विंचरले, खुर्ची यंत्राजवळ घेतली, आवाज मोठा केला आणि ह्यांना म्हटलं, की बसले बघा, सांगा आता पुढचं, मी —