गुंडीची खुर्ची आणि माझी गाठ

ती. ताईस,

पाया पडते. कागदावरच पडते, गुडघे आता वाकायला तयार नाहीत. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून सगळ्या आळीला उठवतात? आम्ही सुखरूप पोचलो. सूनबाईचं इथलं काम महिनाभर लांबलंय. मला लाँड्री उघडायला परत यायलाच हवं. आता नात, आपली गुंडी, माझ्याबरोबर विमानाने येणार की इथं पाळणाघरात राहणार, ते या आठवड्यात ठरायचंय. (पाळणाघरातली बाई पोरांना नंबराने हाक मारते. तिथं मी गुंडीला ठेवू?) कशावरून ठरणार ते सांगते, पण आधी येतानाची हकीकत ऐक. फोनवर बोलता येत नाही, भिंती पातळ आहेत.

दीड वर्षाच्या पोरीचं सूनबाईने अख्खं तिकीट काढलं. मांडीवर फुकट नेता येतं हे माहीत असून! मी म्हटलं, माझी मांडी काय भाड्याने दिलीय? वर मोटारीतली ती बाळाची खुर्चीही विमानात न्यायची म्हणे.

आत शिरल्याबरोबर मी झटकन खिडकीपाशी बसले. "आई, उठा. ती खुर्चीची जागा." का, तर खुर्ची कडेला ठेवली तर घाईत बाहेर पडणाऱ्यांना आडवी येते. जन्मात पहिल्यांदा विमानात बसले आणि खिडकी मिळाली कुणाला, तर प्लास्टिकच्या डबड्याला! तेवढ्यात हवाईसुंदरी आली, ही खुर्ची चालणार नाही म्हणाली. सूनबाईने वाद घातला नाही (मी पदर खोचून तयार होते). तिने खुर्ची उलटी केली आणि तळाला काय छापलंय ते दाखवलं, की विमानात चालते. सुंदरी पुढच्या रांगेकडे वळली. मग आपल्या काडीसारख्या सूनबाईने खुर्चीत गुडघा रोवला, विमानाचा पट्टा पाठीतल्या खाचेतून घातला आणि असा ओढला की खुर्ची जागची हलेना. गुंडीचा जाड स्वेटर काढून तिला बसवलं, खांद्यावरचे पट्टे आवळले, चिमटीत धरून पाहिले. चिमटीत आला तर सैल, समजलं?

मला काही त्या पट्ट्याचा भरवसा वाटेना. माझं आयुष्य गेलं कपड्यांची गाठोडी बांधण्यात. सूनबाई हात धुवायला गेली तशी मी पिशवीची नाडी ओढून काढली आणि वरून करकचून बांधली.

"आई, हे काय?"

"गाठ. माझी गाठ सुटत नाही."

"तेच म्हणतेय मी. पळायची वेळ आली तर पोरीला काय विमानासकट नेऊ?"

ती गाठ सोडवायला मला दात लावावे लागले आणि पुढच्या रांगेतला टकलू मान वळवून बघत होता मेला.

मग ढगात विमान असं आदळलं की माझ्या हातातला चहा त्या टकलावरच गेला. मी सूनबाईचा दंड धरून ओरडत होते. आणि गुंडी? खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. ताई, मला साधा चहाचा पेला धरता आला नाही. पोर मांडीवर असती तर? हे कुणाला बोलले नाही, तुलाच लिहितेय. आपण पोरं काखोटीला मारून वाढवली म्हणून ऐट करतो, पण नशीब म्हणायचं ते. सूनबाई मात्र नशिबावर काही सोडत नाही. हुशार आहे, आणि आवाज न चढवता हुशार आहे. आपल्या घराण्यात हे कुणाला जमलंय?

तर आता माझी परीक्षा आहे. जेवणाच्या खुर्चीला तिने बॅगेचा पट्टा लावून दिलाय, विमानातल्यासारखा. बाळाची खुर्ची मी एकटीने बांधून दाखवली तरच गुंडी माझ्याबरोबर. सकाळपासून पट्टा ओढतेय, खुर्ची अजून डगमगतेय.

तुझी धाकटी

ता.क. सूनबाई तुला फोन करेल, मी कुणाचं सांगितलेलं ऐकते का ते विचारायला. 'ऐकते' म्हण. खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो, तेव्हा फोन सरळ भाऊजींना दे.

आणखी ता.क. पाकीट चिकटवायच्या आतच परीक्षा झाली. तिने खुर्ची गदागदा हलवली, तसूभर हलली नाही. गुंडी येतेय! भाऊजींना मोटार घेऊन यायला सांग, पण खुर्चीला हात लावायचा नाही, मी बांधणार. आणि वरचं कौतुक सूनबाईच्या कानावर घालू नकोस. तिला मी एवढंच म्हटलं, तुझ्या या खुर्चीपायी माझे खांदे भरून आले. तर ती तेलाची बाटली घेऊन मागे येऊन बसली. आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं, तूच सांग.