स्वेच्छेचा राजीनामा

सोमवार, ३ नोव्हेंबर

संपादकांचा फोन सकाळी, पोळ्यांच्या वेळेला. हात पिठाचे, म्हणून स्पीकरवर घेतला. अवीनेही सगळं ऐकलं. बरं झालं, नवऱ्याला वेगळं सांगायची वेळ आली नाही.

वसई आवृत्तीची फेररचना. माझं प्रमुख वार्ताहराचं पद रद्द. त्याऐवजी 'विभागीय समन्वयक' असं नवं पद, आणि ते ओंकारला. वय एकोणतीस, ठाण्याच्या डेस्कवर होता. मुलाखत मीही दिली होती. इतकी वर्षं जे काम करतेय त्याच कामाची मुलाखत, तीसुद्धा साडी नेसून.

सं. म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही सुजाताताई. पण भूमिका बदललीय."

काय बदललं, विचारलं.

"व्हिडिओ वगैरे."

वगैरे.

अवी म्हणाला, पोळी करपली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

झोप नाही. पहाटे उठून नव्या पदाची जाहिरात पुन्हा वाचली. मुलाखतीआधी घाईत वाचली होती तेव्हा लक्षात आलं नाही. आज आलं. वाक्यं माझी आहेत.

जूनमध्ये सं.नी टिपण मागितलं होतं. वसईचं पान पुढं कसं चालवावं, 'हे तुमच्याशिवाय कोण सांगणार'. मी फुशारले. मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवलं. त्यात लिहिलं होतं की निधनवार्ता मोबाइलवरून मागवता येतील, माणिकपूरच्या कार्यालयाचं भाडं वाचेल. हेतू असा, की भाडं वाचलं तर माणूस वाचेल. माणूस म्हणजे मी.

त्यांनी भाडंही वाचवलं आणि माणूसही.

माझ्या जागेवर दुसरा कसा बसवावा याचा मसुदा मी स्वतः, शुद्धलेखन तपासून, वेळेआधी दिला. या धंद्यातल्या माणसाशिवाय हे कुणी करणार नाही. मजकूर मागितला की द्यायचा. कशासाठी हे विचारायचं राहून जातं.

अवीला सांगितलं नाही अजून.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

एचआरच्या मुलीचा व्हिडिओ कॉल. आमच्या लेकीपेक्षा, मीनूपेक्षाही लहान असेल. मागे खोटा बुकशेल्फ.

"मॅम, धिस इज नॉट टर्मिनेशन. आपण मूव्ह ऑन करतोय."

आपण? तू कुठं चाललीस बाळ? हे मनात.

मग पत्राचा मसुदा पाठवला. 'मी वैयक्तिक कारणास्तव, स्वेच्छेने माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.' खाली माझं नाव आधीच टाइप केलेलं. सही करून शुक्रवार २१ला संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचं. पाठवलं तर काही महिन्यांचा पगार आणि चांगलं प्रमाणपत्र.

"नाही पाठवलं तर?"

"मग प्रोसेस वेगळी होईल, मॅम."

"कुठली?"

"ते मला बघावं लागेल."

वैयक्तिक कारण कुठलं, हेही त्यांनीच सुचवलं असतं तर बरं झालं असतं. गुडघेदुखी लिहू का? सोळा साली एका सरपंचाने असंच 'वैयक्तिक कारण' दिलं होतं. मी तीन दिवस त्याच्या दारात बसून खरं कारण काढलं होतं. पहिल्या पानावर लागलं होतं ते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अवीशी भांडण. आवाज न चढवता, म्हणजे जास्त वाईट.

तो म्हणतो, सही कर आणि मोकळी हो. त्याने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, पेढे वाटले, आता गच्चीत मिरच्या लावतो. मी म्हटलं, तुला हवी होती म्हणून घेतलीस. मला कुणी विचारलं?

"एका शब्दासाठी पैसे सोडणार तू?"

"तो शब्द खोटा आहे."

"तुझ्या पेपरात रोज काय सगळं खरं छापून येतं?"

मी उठून गेले. भांडी घासली. बाई घासून गेली होती, तरी.

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "सुजू, मला भीती वाटते गं, एवढंच. मीनूच्या फ्लॅटचे हप्ते..." वाक्य पुरं केलं नाही. मीही त्याला करायला लावलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

ओंकार आला, काम समजून घ्यायला. मुलगा चांगला आहे. हेच डोक्यात जातं. उद्धट असता तर सोपं होतं. जिना चढून आल्यावर माझ्यासाठी खालून चहा घेऊन येऊ का विचारलं.

"मॅडम, आपल्या पानावर निधनवार्ता एवढ्या का असतात?"

उत्तर द्यायच्या आत दोन भाऊ वर आले. सांडोरचे बस्त्याव आणि इनास. शनिवारी आई गेली, काल दफन झालं. हातात तिचा फोटो, लुगड्यातला, कुठल्याशा लग्नातला. आधी आपसात त्यांच्या बोलीत बाचाबाची, मला निम्मी कळली. मग माझ्याकडे वळून साध्या मराठीत.

"बाई, मोठा मी. माझं नाव पहिलं लावा," बस्त्याव.

"आणि आई जेवली कुणाकडे? तेपण छापा मग," इनास.

"तू जेवायला घातलंस कारण वाडीतली केळी तू खाल्लीस."

"केळी? बाई, ऐका. वर्षाला चार घड येतात त्या वाडीत."

हे दर वेळचं आहे. वार्ता द्यायला फोनवर सांगून चालत नाही, घरातली माणसं येऊन बसतात, आणि भांडण आमच्या टेबलावर मिटवून जातात. नावांचा क्रम म्हणजे गावाला जाहीर की घरात कोण आहे आणि कुणाचा मान आधी. मी विचारलं, बहीण नन आहे ना तुमची? हो म्हणाले. मग पहिलं नाव सिस्टरचं, नंतर वयाप्रमाणे सगळे. ननशी कोण भांडणार. इनास फोटोकडे बघत म्हणाला, "आईला आवडलं असतं." मग डोळे पुसले आणि बस्त्यावने त्याला स्वतःचा रुमाल दिला.

ओंकारने हळूच फोन पुढं केला. नव्या ॲपमध्ये नातेवाइकांसाठी दोनच रकाने आहेत.

बस्त्याव वाकून बघत म्हणाला, "आम्ही पाच भावंडं. मग बाकीच्या तिघांना काय बाजारातून आणलं?"

ओंकार हसला, मीही. आठवडाभरात पहिल्यांदा.

मजकूर त्याच्याकडे दिला. छापायचं काम आता त्याचं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कार्यालय रिकामं झालं. टेम्पोवाल्याने खुर्च्या नेल्या. माझी खुर्ची मोडकी म्हणून जिन्यात ठेवून गेला. खालच्या मेडिकलवाल्या शेठने विचारलं, ठेवू का मॅडम तुमच्यासाठी? कशाला, म्हटलं. खरं तर रिक्षात घालून आणावीशी वाटली होती.

मग मासळी बाजार. पाचूबंदरची फिलू, वीस वर्षं तिच्याकडूनच घेते. तिच्यापर्यंत बातमी आधीच गेलेली.

"हापिस बंद झाला म्हनतात तुमचा?"

"झाला."

"तुमीच सोडला का त्यानी काढला?"

बाजारात, मागे चार बायका उभ्या. "काढलं," म्हटलं. पहिल्यांदाच तोंडाने उच्चारलं.

फिलूने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग आता पापलेट दाखवू का बोंबील?"

मागच्या बायका फिदीफिदी. मलाही हसू आलं आणि संतापही, दोन्ही एकदम. रागारागाने पापलेट घेतलं. तीन. अवी म्हणाला, आज काय विशेष?

शनिवार, १५ नोव्हेंबर

सं.चा फोन. वाचकांसाठी छोटं निवेदन द्यायचंय, सुजाताताई वैयक्तिक कारणामुळे निरोप घेत आहेत वगैरे. "तुम्हीच लिहा ना. तुमच्याइतकं नेमकं कुणाला जमणार?"

संताप लिहून ठेवते, म्हणजे उद्या कमी वाटला तर वाचता येईल. माझी मान कापायची आणि सुरीला धारही मीच लावायची. तीही कौतुक करून मागतात. एकदा टिपण घेतलं तसंच. सव्वीस वर्षं या माणसाच्या अग्रलेखातली वाक्यं मी सरळ करून दिली, आणि त्याला समोर बसून 'तुम्हाला काढतोय' एवढं एक वाक्य सरळ बोलता येत नाही.

आणि तरी बसले. अर्ध्या तासात निवेदन तयार झालं. वाचलं. चांगलं उतरलं होतं, कुठं फाजील शब्द नाही, शेवट हळवा पण आवरलेला. कुणालाही पटलं असतं की ही बाई आनंदाने जातेय.

पुसून टाकलं. सं.ना कळवलं, जमणार नाही. इतक्या वर्षांत हे दोन शब्द त्यांना पहिल्यांदाच पाठवले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दारावर बस्त्याव आणि इनास. पत्ता शेठकडून मिळाला. हातात पेपर. आईची वार्ता आली, पण नावं दोनच, बस्त्याव आणि इनास. सिस्टर गायब, दोघी धाकट्या बहिणी गायब.

"बाई, तुम्ही असं केलंत?" इनास म्हणाला. "सिस्टर रडली फोनवर. गावात विचारतात, बहिणींना तोडलं काय."

मी नाही केलं, म्हटलं. मी आता तिथं नाही.

"कुठं गेलात?"

"कुठं नाही. काढलं मला."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बस्त्याव म्हणाला, "पण पेपरात तर तसं काही आलं नाही."

पेपर घडी करून त्याला परत दिला.

ते गेल्यावर ओंकारला फोन लावला आणि त्याच्यावर ओरडले. मी. कचेरीत माझा आवाज कधी कुणी ऐकला नसेल. तो ऐकून घेत राहिला. रकान्यात बसली तेवढीच नावं गेली, मॅडम, उद्या दुरुस्ती लावतो, मी स्वतः सांडोरला जातो. मग म्हणाला, "मॅडम, माझं नेमणुकीचं पत्रसुद्धा अकरा महिन्यांचंच आहे. पुढचं माहीत नाही."

जेवलास का विचारलं. म्हणजे त्यालाही त्यांनी... आणि माझं टिपण पुढच्या वेळी त्याच्यावरही वापरतील. राग होता तेवढाच आहे, फक्त आता त्याच्यावर नाही.

रात्री अवीला जूनमधल्या टिपणाचं सांगितलं. तो म्हणाला, "हरामखोर." त्याच्या तोंडून शिवी कधी ऐकली नव्हती.

गुरुवार, २० नोव्हेंबर

अवीच मला त्याच्या मित्राकडे घेऊन गेला, वकील आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात: स्वतःहून जातेय असं लिहून दिलं की विषय संपला, नंतर कुणाकडे दाद मागता येणार नाही. नाही दिलं तर त्यांना काढावं लागेल आणि का काढलं ते लिहावं लागेल. "जिंकाल असं मी म्हणत नाही, वहिनी. वेळ जाईल, आणि आत्ता मिळताहेत ते पैसेही अडकतील."

परत येताना रिक्षात अवी म्हणाला, हप्त्यांचं बघू. माझी एक ठेव आहे. मी म्हटलं, ती तुझी आहे. "मग? तू कोण आहेस?"

उद्याचं अजून ठरत नाही. एकदा वाटतं, करून टाकावी सही, झोप तरी येईल. मग तो मसुदा उघडते, आणि ते वाक्य पहिल्यापासून...

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळपासून एचआरचे मेसेज. जेंटल रिमाइंडर. मग पुन्हा जेंटल रिमाइंडर.

दुपारी सांडोरला गेले. संध्याकाळी चर्चमध्ये बस्त्याव-इनासच्या आईसाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती. बस्त्यावने आवर्जून बोलावलं होतं. दुरुस्ती छापून आली, पाचही नावं, सिस्टर पहिली. ओंकारही मागच्या बाकावर बसला होता, कुणीतरी त्याच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक दिलेलं, उलटं धरलं होतं.

मिस्सा सुरू झाली आणि पर्समध्ये फोन थरथरायला लागला. थांबला. पुन्हा लागला. शेजारच्या म्हातारीने डोळे वटारले. पाच होत आले होते. मसुदा फोनमध्येच आहे, बोटाने सही करता येते, बाहेर पायरीवर जाऊन दोन मिनिटांचं काम. पाय हललेसुद्धा. मुदत चुकवणं अंगात नाही. प्रसूतीच्या कळा येत असताना मी बातमी सांगितली आहे फोनवर.

उठले नाही. फोन बंद केला. पाच वाजून गेले आणि फादर वाचत राहिले.

बाहेर आल्यावर चालू केला. अवीचा एकच मेसेज, 'येताना दूध आण.' बाकी सगळे त्या मुलीचे. शेवटचा असा: 'मॅम, तुमचं काही आलं नाही. आता सिस्टीममध्ये मी रीझन काय टाकू?'

अजून उत्तर दिलेलं नाही. काय टाकतात ते मलाही बघायचं आहे.