कागदोपत्री वाटणी

१२ ऑक्टोबर १९४१, मोताळा
आजपासून रोजनिशी. इन्कमटॅक्सची नोटीस आली आहे. लढाईमुळे दर वाढले म्हणे. ती माझ्या सरकी-ढेपेच्या दुकानाच्या जिवावर का लढायची, ते नोटिशीत नाही. धाकटा भाऊ वामन म्हणाला, भरून टाकू दादा. त्याला व्यवहार कळत नाही. घराचा कर्ता मी आहे म्हणून बरे. मी प्लॅनने जाणार.

१५ ऑक्टोबर
मोटारीने बुलढाणा. राजूर घाटात इंजिन तापले, उतरून चाललो. गफ्फारसाहेब वकील फक्त इन्कमटॅक्सचीच कामे घेतात. म्हणाले, कर एकत्र कुटुंबावर बसतो. दोघे भाऊ वेगळे झालात तर दोन लहान उत्पन्ने होतील, दर उतरेल. मी म्हटले, म्हणजे नुसते दाखवायचे. ते म्हणाले, दाखवायचं नाही भगवंतराव, व्हायचं. वकिलांना असे बोलावेच लागते. फी घेतात.

२ नोव्हेंबर
घरात प्लॅन मांडला. स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने बोललो, म्हणजे वामनच्या बायकोलाही ऐकू जावे. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर यायचे नाही, बोलायचे नाही, ही आमच्याकडची रीत कोकिळा कडक पाळते. माझी रुक्मिणी वारल्यापासून माझे ताट तीच दाराशी सरकवते. सांगितले की हे कागदोपत्री आहे, इन्कमटॅक्सच्या साहेबाचा हुकूम झाला की पुन्हा एक. मला वाटले वामन रडेल. तो लगेच हो म्हणाला. आज्ञाधारक आहे.

२० नोव्हेंबर
वाटणीपत्र रजिस्टर झाले. सरकी-ढेप मला, कापसाची खरेदी वामनला. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघून येते, तेव्हा काळजी नाही. घरात मधोमध कच्ची भिंत घातली. गफ्फारसाहेबांनी बजावले, इन्स्पेक्टर कागद नाही पाह्यत जी, चूल पाह्यते. म्हणून माझ्या बाजूला एक चूल मांडली. शोभेची. जेवण पलीकडूनच येईल.
उद्यापासून पहाटे उठणे. चहा बंद.

९ डिसेंबर
इन्स्पेक्टर न कळवता आला. माझ्या चुलीत बोट फिरवले. राख निघाली नाही. मग शेजारच्या वच्छलाबाईंना विचारले, हे जेवतात कुठे? त्या म्हणाल्या, भावाकडं जेवतेत, अजून कुठी जातीन? बाईला कोणी विचारायचे नव्हते. इन्स्पेक्टरने ते लिहून घेतले.
गफ्फारसाहेबांचा निरोप: तिकडचे ताट आजपासून बंद, स्वतः रांधा. तेवढे काय अवघड नाही. बायका उगाच वेळ लावतात.
(चहा चालू. धुरात बसायचे तर लागतो.)

१० डिसेंबर
ज्वारीची भाकरी केली. थापताना फाटली, तव्यावर तिची आणखी शकले झाली. मुरमुरे खाल्ले.

११ डिसेंबर
मुरमुरे. पचायला हलके असतात.

६ जानेवारी १९४२
दुपारी भिंतीपलीकडे कोणी बाई मोठ्याने हसली. पाहुणी असेल म्हटले. मग ध्यानात आले, कोकिळा. लग्न होऊन ती या घरात आली त्याला किती वर्षे झाली, तिचा आवाज मला ठाऊक नव्हता. वामनही हसत होता. कशावर ते कळले नाही. भिंतीला कान लावला नव्हता, तिथेच बसलो होतो. बराच वेळ बसलो. मनात काही आले नाही.

२७ जानेवारी
कापसाच्या गाड्या वामनच्या दारात उभ्या. ढेप घेणारेही तिकडेच विचारतात, म्हणून त्याने ढेप ठेवायला सुरुवात केली. लोकांना अजून सवय नाही, चुकून जातात. पाटी रंगवून घ्यावी.

१८ फेब्रुवारी
बुलढाण्यात साहेबापुढे जबानी. वामनकडून सगळे घोकून घेतले होते. शेवटी साहेबाने विचारले, पुढे एकत्र यायचा विचार आहे का? वामन म्हणाला, नाही साहेब, आता कुठी बरं वाटून राह्यलं. हे वाक्य मी शिकवले नव्हते. पण काय बेमालूम बोलला! बाहेर आल्यावर पाठ थोपटली. परतीच्या मोटारीत तो पुढे बसला, मी मागे. वेगळे दिसलेले चांगलेच.

२६ मार्च
हुकूम आला. वाटणी खरी धरली. जिंकलो. गफ्फारसाहेब म्हणाले, तुमच्यावर तर आता करच बसत नाही, उत्पन्नच तेवढं राह्यलं नाही. प्लॅनपेक्षा जास्त यश.
कुदळ घेऊन भिंतीकडे गेलो. वामन आडवा आला. म्हणाला, राहू द्या दादा. मी म्हटले, अरे नाटक संपले. तो म्हणाला, मी नाटक नव्हतो करून राह्यलो. तिले इथं बोलता येते, हसता येते. मलेही बरं वाटते. तुम्ही काऊन समजून घेत नाही?
कुदळ ठेवून आलो. वाईट वाटले. म्हणजे वाटले असावे, पण रडू आले नाही.
मार्च संपत आला, ऊन वाढते आहे. भिंतीने घर थंड राहते, ते त्याच्या लक्षात आले असणार.

२० एप्रिल
वामनच्या मुलीचे, सत्यभामेचे लग्न ठरल्याचे वच्छलाबाईंकडून कळले. वामन गडबडीत विसरला असेल. आचारी, मांडव, व्याह्यांचा मानपान, त्याला यातले काय येते? घरातला वडील माणूस मीच. बोलावील. कोट उन्हात टाकला.

२९ एप्रिल
पलीकडे मांडव उभा राहिला. चांगला घातला आहे. एक खांब किंचित तिरका वाटला, तो बोलावील तेव्हा सांगेन.

४ मे
सकाळपासून कोट घालून बसलो होतो. गावचा न्हावी कारभारी आला. उठलोच. म्हटले, वामनने बोलावले ना? तो उंबऱ्याबाहेरच थांबला, हळदीच्या अक्षता माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाला, वामनरावाकडचं लग्नाचं आवतन हाये जी. मी म्हटले, अरे, मुलीचा थोरला काका आहे मी. तो म्हणाला, हाव जी, मले माहीत नाही का? पण घरोघर विचारून ये म्हणे. तुमच्या घरचे किती जण येतीन जेवाले?
एक, म्हणून सांगितले.