चार खणांची गोदी

३ मे, रविवार. सकाळी ९.१०
निर्णय झाला. ताई ३१ तारखेला नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार. म्हणजे चौघांनी एकत्र जेवायच्या अठ्ठावीस संध्याकाळी उरल्या. काल मी जेवताना मुद्दाम मोजलं. एकवीस मिनिटांत चौघांचे मिळून नऊ शब्द. त्यातले चार मीठ मागण्याचे. बाकी वेळ प्रत्येकजण फोनमध्ये.

मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, याच टेबलावर शिकले. आई भाषा शिकवायची, बाबा गणित, आणि सहा वर्षांनी मोठी असल्यामुळे ताई शिस्त. तेव्हा या टेबलावर कोणाला गप्प बसवणं हेच काम असायचं.

उपाय सापडला आहे. जेवायच्या आधी सगळ्यांनी फोन ठेवायची एक जागा. चार खण, प्रत्येकात मागून चार्जिंगची केबल. माळ्यावर आमचे लहानपणीचे जोडायचे प्लास्टिकचे ठोकळे आहेत, त्यांतून करायची. जहाजं येऊन लागतात तसे फोन येऊन लागतील. नाव: गोदी.

एका रविवारचं काम.

३ मे. संध्याकाळी ६.४५
एका रविवारचं काम नाही. ठोकळे रंगवार लावण्यात दिवस गेला. एकूण ६१२. लाल फक्त ४१, माझ्या आठवणीत ६४ होते. ताई म्हणाली, अगं, शेजारच्यांच्या मुलीला दिले होते ना, तूच हो म्हणालीस. मी हो म्हणाले नव्हते. मी मान हलवली होती. त्यातून माणसं हवा तो अर्थ काढतात.

५ मे, मंगळवार
चष्म्याच्या काचा तपासण्याच्या आमच्या विभागातून व्हर्निअर, म्हणजे बारीक मोजायची सरकपट्टी, एका दिवसासाठी घरी आणला. रजिस्टरमध्ये सही करून. कारण: "खासगी, पण महत्त्वाचे." घासकाम बघणाऱ्या मास्तरांनी विचारलं, काय मोजणार? म्हटलं, घरच्यांचे फोन. ते म्हणाले, घरच्यांना विचारलंस का? म्हटलं, घरच्यांसाठीच तर करतेय.

मापं कव्हरसकट. बाबा ७९.२, आई ७१.३, ताई ७९.७, मी ७१.६. ठोकळ्यावरच्या एका बटणाला आठ मिलिमीटर. म्हणजे बाबा आणि ताई दहा बटणांचे, आई आणि मी नऊ बटणांच्या. सगळं कुटुंब आठाच्या पटीत आलं. याला मी योगायोग म्हणणार नाही.

६ मे, बुधवार. सकाळी ७.००
काल जेवताना ग्राफ पेपरवरचा आराखडा दाखवला आणि नियम वाचले. एक: जेवण होईपर्यंत फोन गोदीत. दोन: फोनचं तोंड भिंतीकडे, कारण स्क्रीन दिसली की हात जातो. तीन: दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही.

सगळ्यांना फार आवडलं. तिघंही एकमेकांकडे बघत होते.

१० मे, रविवार. दुपारी ४.२०
गोदी उभी राहिली. पाया निळा, भिंती पांढऱ्या, लाल रंग फक्त कमानीला, कारण फक्त ४१. केबल यावी म्हणून प्रत्येक खणाच्या तळाशी दोन बटणांची खाच. टेबलाशेजारच्या कपाटावर ठेवली आहे. आज उद्घाटन.

११ मे, सोमवार. सकाळी ६.५०
बोलले! सगळे बोलले! बाबा सतरा मिनिटं पाण्याच्या पंपाबद्दल. आईने मला ऑफिसमध्ये दिवसभर काय करतेस असं विचारलं. मी तिथे लागून तीन वर्षं झाली, आजवर कोणी विचारलं नव्हतं. ताईने विचारलं, तुला लहानपणी कुठला रंग आवडायचा? अंदाजे सहाशे चाळीस शब्द.

एकच गालबोट. बाबांचा फोन खणात डुगडुगतो. पट्टीने मोजलं, बारा मिलिमीटर फट. ताईचा मात्र चपखल बसतो. निदान तिच्या बाबतीत तरी मी चुकले नाही.

११ मे. संध्याकाळी ६.००
घरच्या शाळेत बाबांचा पहिला धडा होता: उत्तर जुळलं नाही की आधी आपलं माप तपासायचं, मग जगाकडे बोट दाखवायचं. तेव्हा चूक माझीच. व्हर्निअर परत दिला आहे, म्हणून वही तपासली. वहीत ७९.२ स्वच्छ लिहिलं आहे. बाबा म्हणाले, अगं, प्लास्टिक आहे, उकाड्यात प्रसरण पावतं. हे मला का सुचलं नाही?

१२ मे, मंगळवार. ऑफिस, जेवणाची सुट्टी
गणित केलं. ऐंशी मिलिमीटरच्या खणात बारा मिलिमीटर वाढ व्हायला तापमान सुमारे अठराशे अंशांनी चढायला हवं. तेवढा उकाडा झालेला नाही. पण बाबांचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे.

मास्तरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, माप दोनदा घेतलंस? म्हटलं, तीनदा. ते म्हणाले, मग मापावर संशय घेऊ नकोस, समोर ठेवलेल्या वस्तूवर घे. मास्तर काचांच्या हिशेबाने विचार करतात. माणसांना हे लागू होत नाही.

संध्याकाळी बाबांचा खण साडेआठ बटणांचा करणार. अर्धं बटण मिळत नाही. मार्ग काढीन.

१४ मे, गुरुवार. सकाळी ७.१५
लिहायला हात उचलत नाही. आईचा फोन फुटला. काल जेवण झाल्यावर तिने तो गोदीतून काढला तेव्हा काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा दिसला. मला ओझरताच दिसला, आईने पटकन पदराआड घेतला. मला वाईट वाटू नये म्हणून. मी विचारलं, माझ्या खणामुळे? आई म्हणाली, जाऊ दे गं, चालतोय ना.

दहा वेळा माफी मागितली. जेवण जाणार नाही. आजही नाही, उद्याही नाही.

१६ मे, शनिवार
आईच्या खणाला आतून मऊ फेल्टचं अस्तर लावलं. चार तास. कडा दोनदा कापल्या. आई शेजारी येऊन बसली, काहीतरी बोलणार होती, पण मग नुसतीच बघत बसली. तिने मला मनातून माफ केलं असावं.

१७ मे, रविवार. सकाळी ८.००
बाबांचा खण तिसऱ्यांदा बांधला. आता डुगडुगत नाही. चार्ज होत नाही, पण तो केबलचा दोष.

टेबलावरची शिस्तही परत येते आहे. तिघंही अधूनमधून मांडीकडे बघून नॅपकिन सारखा करतात. काल तिघांनी एकाच क्षणी केला आणि लगेच तिघंही हसले. मग बाबांनी मला विचारलं, तर काय गं, चष्म्यांचं काय चाललंय? हा प्रश्न त्यांनी परवाही विचारला होता. रस टिकून आहे.

१९ मे, मंगळवार
नवा संकल्प. ताईचा खण गोदीतून सुटा होईल असा करायचा आणि जाताना तिला द्यायचा. बारा दिवस हातात आहेत. तिकडे एकटी जेवायला बसली की फोन त्यात ठेवील आणि तिला आमचे आवाज आठवतील. तिला आत्ता सांगायचं नाही. या घरात एवढं तरी गुपित राहायला हवं.

२१ मे, गुरुवार. सकाळी ५.४०
काल संध्याकाळी काय झालं ते क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं की काही सुटत नाही.

७.३५. सगळ्यांनी फोन ठेवले. ताई पाण्याचा जग आणायला आत गेली. सुट्या खणासाठी फोनची जाडी पाहायला हवी होती, म्हणून मी माझाच तिसरा नियम मोडून तिचा फोन उचलला. त्याला वजनच नव्हतं.

कव्हर ताईचं. आत पुठ्ठा. अगदी मापात कापलेला, कॅमेऱ्याच्या जागी तीन भोकंसुद्धा. म्हणून चपखल बसायचा. दहा दिवस मी एका पुठ्ठ्याला चार्ज करत होते.

७.३६. ताईच्या खुर्चीवरचा नॅपकिन उजळला. खाली तिचा खरा फोन, उघडा. मी त्याला हात लावला नाही. मी फक्त वाकले, आणि एका बोटाने स्क्रीन सरकवली.

ग्रुपचं नाव "जेवण". सभासद तीन. सुरुवात ६ मे. आईने बाबांना लिहिलं होतं, आज तुमची पाळी, तिच्या ऑफिसचं विचारा. बाबांनी लिहिलं होतं, परत चष्मे? ताईने लिहिलं होतं, मग पंप काढा पुन्हा. त्याच्या वर नऊ तारखेचं: ताईचं तिकीट ३१ चं नाही, २४ चं झालंय, हिला कोण सांगणार? आई: गोदी पूर्ण होऊ दे, मग सांगू. आणि सतराचं बाबांचं: ती कधीच पूर्ण होणार नाही, माझा खण तिसऱ्यांदा बांधलाय.

७.३८. ताई जग घेऊन आली. मी पुठ्ठा टेबलावर ठेवला. कोणी नॅपकिन सारखा केला नाही.

२१ मे. संध्याकाळी ६.३०
आज एकेकाला जाब विचारला.

बाबांच्या खणात त्यांचा जुना फोन होता, सहा वर्षांपूर्वीचा. ते म्हणाले, तुझं माप पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, बेटा. मी विचारलं, मग उकाडा? प्रसरण? ते म्हणाले, मला वाटलं तू हसशील. मी अठराशे अंशांचं गणित दाखवलं. ते त्यांनी नीट तपासलं. म्हणाले, बरोबर आहे. आणि चष्मा काढून पुसत बसले.

आईच्या खणातलाही जुनाच. त्याची काच तीन वर्षांपूर्वी फुटली होती. मी म्हटलं, मी दोन दिवस जेवले नाही, तू बघत होतीस. आई म्हणाली, सांगायलाच येऊन बसले होते गं, पण तू त्या फेल्टमध्ये एवढी रमली होतीस, माझ्याच्याने मोडवेना. मला भाषा हिनेच शिकवली. खोटं न बोलण्याचे चाळीस निबंध लिहून घेतले.

ताई माफीबिफी मागणाऱ्यांतली नाही. ती म्हणाली, आम्ही बोलत तर होतो ना? तुला तेच हवं होतं. मी म्हटलं, ठरवून बोलत होता. ती म्हणाली, आणि तू काय आम्हाला आपोआप गप्पा माराव्यात म्हणून खण पाडले होतेस? तारखेचं विचारलं तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू उरलेल्या जेवणांची संख्या दारावर लिहिली असतीस.

मी कधीच लिहिली नसती. इथे वहीत लिहिली आहे.

२२ मे, शुक्रवार
माझी एकच अट सांगितली. मला त्या ग्रुपमध्ये घ्या. तिघं एकमेकांकडे बघायला लागले, मग बाबा म्हणाले, अर्थातच. ताईने ७.५२ ला मला घेतलं. मी लिहिलं, धन्यवाद. आईने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

झालं गेलं विसरले आहे. आता लपवाछपवी संपली. यापुढे सगळं माझ्यासमोर होईल.

२४ मे, रविवार. सकाळी ११.३०
ताई गेली. सुटा खण नेला नाही, बॅगेत जागा नव्हती. पुठ्ठा मात्र नेला असावा, सापडत नाही. दारात तिने मला इतकं घट्ट धरलं की माझा चष्मा वाकला. म्हणाली, ग्रुपवर बोलूच.

२ जून, मंगळवार
गोदी सोडवली. ६१२ ठोकळे खोक्यात परत, रंगवार.

ग्रुप शांत आहे. ताई नव्या कामात गुंतली असणार, वेळ लागतोच. आई मात्र म्हणाली की ताईला तिकडची खोली आवडली, खिडकीसमोर झाड आहे, आणि तिचा साहेब बोलताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज करतो. बाबा यावर बराच वेळ हसले. त्यांना हे आधीच माहीत होतं. आईला हे कुठून कळलं ते मी विचारलं नाही. फोन केला असेल ताईने, मी ऑफिसात असताना.

जेवताना दोघांचे फोन टेबलावरच असतात, तोंड वर करून. एकाच वेळी थरथरतात. माझा थरथरत नाही, तेव्हा ते काहीतरी वेगळं असणार.

"जेवण" ग्रुपमधला शेवटचा मेसेज माझाच आहे. २४ मे, संध्याकाळी ७.४०: सगळे जेवलात का?

तिघांनीही वाचला आहे.