ताईची वाकलेली रेघ

प्रिय ताई,

आज शाळेतून घरी आले आणि सवयीने हात तुझ्या नंबरावर गेला. मग आठवलं, तिकडे उचलणारं कोणी नाही. पण सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहिते आहे.

आज मी मोकाशी सरांवर सूड उगवला.

तू म्हणाली असतीस, "बेबी, जाऊ दे गं." आयुष्यभर तेच म्हणालीस. म्हणून तर हे काम माझ्याकडे आलं.

साताऱ्याची आपली कॉन्व्हेंट आठवते? तू दहावीत, मी आठवीत. तुझ्या निळ्या रिबिनी, प्रयोगशाळेतला स्पिरिटचा वास आणि ओहमचा नियम. व्होल्टेज वाढवायचं, करंट मोजायचा, आलेखावर ठिपके मांडायचे. ठिपके एका सरळ रेघेत आले तर तारेचा रोध बदलला नाही असं समजायचं. बाकी मुलींच्या रेघा अगदी सरळ यायच्या, कारण आधी पट्टीने रेघ मारायची आणि मग तिच्यावर ठिपके ठेवायचे, ही सरांचीच शिकवण. तुझ्या टेबलावरची कॉइल जळाली होती. सरांनी तिथे टॉर्चचा बल्ब जोडून दिला आणि विसरून गेले. तू जसं दिसलं तसं मांडलंस. तुझी रेघ चढता चढता आडवी व्हायला लागली.

"वाकडी रेघ काढणारी मुलगी सरळ वागेल का?" तुझा कागद उंच धरून त्यांनी वर्गाला विचारलं. तेवढ्यावर भागलं नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं, "ही आकडे बनवते."

बाबांनी दहावीनंतर तुझी शाळा बंद केली. दहिवडीचं स्थळ आलं. नवरा मुंबईला, तू सासूबरोबर मेंढरांमागे. पहिल्या दिवाळीला आलीस आणि म्हणालीस, "लय ऊन हाय तिकडं." आई उठून स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

तुझ्यावरही राग आहे माझा. बल्ब सरांनीच लावला होता हे मला सांगितलंस, बाबांना का नाही? "सरांना खोटं कसं पाडायचं?" म्हणे. तुला खोटं पाडताना त्यांना पडला होता का हा प्रश्न?

तू गेल्यावर ते मला भेटायला आले. आता इथे सांगलीतच, माझ्याच गावात, मुलाकडे असतात, शिकवण्या घेतात. चहा घेता घेता माझ्या सुनेला हसून म्हणाले, "तुमच्या मावससासूबाई म्हणजे आमची वाकडी रेघ. अजून प्रत्येक बॅचला सांगतो मी तो किस्सा." समोर तुझा फोटो होता, ताई. त्यावरचा हारही अजून सुकला नव्हता.

निघताना म्हणाले, "येतो." दुःखाच्या घरातून उठताना कोणी असं म्हणतं का? सून चपापून माझ्याकडे बघायला लागली. मी मात्र म्हटलं, "या ना सर. मी शिकवते त्या शाळेतच या. विज्ञान प्रदर्शन आहे, मुलींना ओहमचा नियम तुम्हीच करून दाखवा." केवढे खुलले.

आज सर आले, कडक इस्त्रीत. मी टेबलावर बिस्किटांचा बंद डबा ठेवला होता, दोन वायरी बाहेर काढून. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. फळ्यावर आलेखाचे चौकोन आखले होते. दोन रीडिंग झाली, दोन ठिपके पडले, आणि सरांनी मोठी पट्टी लावून फळ्याच्या कडेपर्यंत रेघ ओढली. मी वाटच बघत होते त्याची.

तिसरा ठिपका रेघेच्या खाली आला. सरांनी तो पुसून रेघेवर काढला.

पुढे बसून मीटर वाचणारी आष्ट्याची पोरगी म्हणाली, "आवं सर, ठिपका खाली हाय की."

"रीडिंग नीट घे."

"नीटच घेतलंय. परत बघा तुमी."

चौथा आणखी खाली. पाचवा त्याहून खाली. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. "मीटर बिघडलाय तुमचा," सर माझ्यावर करवादले.

मी डब्याचं झाकण काढलं. आत बल्ब पेटलेला. मुलींना विचारलं, "रेघ का वाकली?" त्या एका सुरात म्हणाल्या, "तार तापली, रोध वाढला, म्हणून चढ कमी झाला." मग मी तुझं नाव घेतलं. हीच रेघ तू दहावीत काढली होतीस, आणि बल्ब कोणी लावला होता, तेही सांगितलं. सर पट्टी हातात धरून उभे. कोणी हसलं नाही. ते हसण्याहून वाईट होतं.

मी सरांना फाटकापर्यंत सोडायला गेले. ते म्हणाले, "बाई, मला एकट्याला सांगायचं होतंत. एवढ्या पोरींसमोर?"

म्हटलं, "तीही पोरींसमोरच उभी होती, सर."

या वेळी ते "येतो" म्हणाले नाहीत.

माझा जीव थंड झाला का? थोडा.

एक शब्द देते. तू त्यांना केव्हाच माफ केलं असशील. मी करणार नाही. मी शिकवते आहे तोवर दर वर्षी तो डबा टेबलावर येईल, आणि पट्टी हातात घेण्याआधी प्रत्येक मुलगी तुझी रेघ काढेल, तुझं नाव घेऊन. आणि सर रस्त्यात भेटले की मी वाकून नमस्कार करीन आणि विचारीन, "सर, हल्ली बॅचला तो किस्सा सांगता का?"

तुझीच,
बेबी